केमोच्या वॉर्डात गाणे हवे, कार्यक्रम नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन किंवा ७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन जवळ आला की रुग्णालयांकडे गाण्याच्या कार्यक्रमांचे प्रस्ताव येऊ लागतात. भजनी मंडळे, हौशी वाद्यवृंद, कराओकेचे गट, सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण दोन स्पीकर, एक बॅनर, पाहुण्यांचे सत्कार आणि तासभर गाणी म्हणजे संगीतोपचार नव्हे. सलाईन लावून पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, आणि आपल्यासाठी एवढे लोक आलेत म्हटल्यावर 'आवाज कमी करा' म्हणायचीही चोरी होते. सोलापूर-बार्शी भागात हे काम करू पाहणाऱ्यांसाठी आणि रुग्णांच्या घरच्यांसाठी म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहोत.

आधी संगीताने काय साधते ते. कर्करुग्णांवर झालेल्या संगीताच्या चाचण्यांचा, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२१ चा आढावा ८१ चाचण्या आणि ५,५७६ रुग्णांचा आहे. मोठ्या माणसांत चिंता, वेदना, थकवा कमी व्हायला संगीताची मदत होते, असा त्याचा कौल आहे. सोबत इशाराही आहे, की पुराव्याचा दर्जा बेताचा आहे. औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी रुग्णाला नकळत खोटी गोळी देता येते, खोटे गाणे कुठून द्यायचे? आणखी एक गोष्ट या आढाव्यातून दिसते. एकूण जगणे सुसह्य होण्याच्या बाबतीत प्रशिक्षित संगीतोपचारकाने समोर बसून केलेल्या कामाचा उपयोग दिसला, नुसत्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा तसा दिसला नाही. तरीही सुई टोचण्याआधीची, मशीनखाली जाण्यापूर्वीची धडधड कमी करायला हेडफोनवरचे साधे गाणेही कामाला येते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या एएससीओ या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही, उपचार चालू असतानाच्या चिंता व नैराश्यासाठी सुचवता येतील अशा पूरक उपायांत संगीताचा समावेश आहे.

गाठ मात्र गाण्याने तसूभरही लहान होत नाही. 'अमुक राग अमुक रोगावर' असे तक्ते मोबाइलवर फिरतात. ४३२ किंवा ५२८ हर्ट्झच्या सुराने कर्करोगाच्या पेशी मरतात असे छातीठोक सांगणारेही भेटतात. त्याला काडीचा आधार नाही. आपल्याकडे तर प्रत्येक गायक आपल्या गळ्याप्रमाणे पेटीवरची काळी एक, पांढरी दोन, काळी चार असा षड्ज, म्हणजे 'सा', धरतो; मग यातला कोणता सूर पेशी मारणार आणि कोणता नाही? हे दावे नुसते हास्यास्पद असते तर सोडून दिले असते. पण त्यांच्या नादी लागून कोणी केमोची एखादी तारीख चुकवली तर ते नुकसान भरून येत नाही. वेदनेचेही तसेच. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना सात किंवा त्याहून वर असेल तर आधी डॉक्टरांना बोलवायचे, औषधाची मात्रा ठीक करून घ्यायची. मॉर्फिनच्या जागी बासरी चालत नाही. वेदना आटोक्यात आली की मग बासरी.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात वाद्यापासून होत नाही, विचारपुशीपासून होते. दहा मिनिटे पुरतात, मात्र प्रश्न रुग्णाला विचारायचे, शेजारी उभ्या मुलाला किंवा सुनेला नाही. घरचे लोक बहुतेक वेळा 'त्यांना भजनं आवडतात' असे सांगून मोकळे होतात. सोलापुरात तर भाषेपासून विचारावे लागते. पूर्व भागातील विड्या वळणाऱ्या मावशींचे बालपणीचे गाणे तेलुगूत असते. अक्कलकोटकडच्या आजोबांना कन्नड वचने पाठ असतात. सांगोल्याकडचा माणूस धनगरी ओवीवर डोलतो, आणि एखाद्या चाचांना जुनी कव्वाली हवी असते. मराठी भावगीतांची एकच यादी सगळ्या वॉर्डाला लावली की निम्म्या खाटा त्यातून वगळल्याच जातात. कामावर असताना काय गुणगुणायचात, लग्नात काय वाजले होते, मुलांना निजवताना काय म्हणायचात, असे विचारले की माणूस बोलता होतो. 'काहीही लावा' हे उत्तर हमखास येते. अशा वेळी तीन वेगळ्या धाटणीचे तुकडे वीस-वीस सेकंद ऐकवायचे आणि पायाच्या बोटांकडे बघायचे. तोंडाने 'छान' सगळ्यालाच म्हणतात, बोटे मात्र एखाद्याच तुकड्याला हलतात.

काय नको हेही तितकेच नीट विचारायला हवे. इथे भजनाची बाब नाजूक आहे. आपल्या भागात हरिपाठ रोजचा असतो, तसे गावात कोणी गेले की रात्रभर भजनही बसते, आणि अंत्ययात्रेतही टाळ वाजतात. त्यामुळे ज्याला रोज अभंग लागतो त्यालाच खाटेभोवती चार टाळकरी उभे राहिलेले पाहून 'माझी वेळ झाली की काय' असे वाटू शकते. विचारूनच म्हणावे, एकट्याने म्हणावे, टाळाविना म्हणावे. गेलेल्या नवऱ्याचे, गेलेल्या लेकाचे आवडते गाणेही असेच अवचित वर्मी लागते. आणि तो बॅनर! आपल्याकडे कित्येक रुग्णांना घरच्यांनी आजाराचे नाव सांगितलेले नसते, 'गाठ आहे, सलाईननं विरघळेल' एवढेच सांगितलेले असते. हे योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण ती गोष्ट त्याला 'कर्करुग्णांसाठी स्वरांजली' अशा फ्लेक्सवरून कळावी, हे कोणत्याच बाजूने योग्य नाही.

यादी करताना सगळी शांत, संथ गाणी एकत्र करण्याचा मोह टाळावा. घाबरलेल्या, चिडलेल्या माणसापुढे एकदम संथ आलाप लावला तर तो आणखी अस्वस्थ होतो. संगीतोपचारात जुना नियम आहे: माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथून सुरू करायचे आणि मग हळूहळू हव्या त्या ठिकाणी न्यायचे. तीस मिनिटांची यादी असेल तर पहिली दोन गाणी थोड्या चढ्या लयीची, ओळखीची. मग एक-दोन मध्यम लयीची. शेवटची दहा-बारा मिनिटे मिनिटाला साधारण ६० ते ८० ठोक्यांची, शक्यतो शब्दाविना, सतार, सरोद किंवा नुसता तानपुरा. अचानक उसळणारे कोरस, सतार-सरोदीचा द्रुत 'झाला' (शेवटचे वेगवान वादन), तबल्याची लांब तिहाई (तोच बोल तीनदा) या शेवटच्या भागात नको. गाणी फोनमध्ये उतरवून घ्यावीत आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा. यूट्यूबवरून थेट लावले की डोळा लागायच्या वेळी दुप्पट आवाजात गुटख्याच्या नाहीतर कर्जाच्या जाहिराती सुरू होतात. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला ती पहिली ऐकू येणे म्हणजे तर कमालच. ब्लूटूथपेक्षा वायरचे हेडफोन बरे. चार्ज संपत नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या फोनला जोडले जाऊन भलतेच काही वाजतही नाही. थांबवायचे बटण रुग्णाच्या हातात, म्हणजे अक्षरशः हातात असावे. सलाईन नसलेल्या हातात.

केमोच्या दिवशीची वेळ औषधावर ठरते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची ॲलर्जीची प्रतिक्रिया आलीच तर बहुधा सुरुवातीच्या काही मिनिटांत येते. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटे हेडफोन नको. रुग्णाला सिस्टरचे आणि सिस्टरना रुग्णाचे नीट ऐकू यायला हवे. या औषधाआधी दिलेल्या ॲलर्जीच्या इंजेक्शनने गुंगी येते, तेव्हा त्यानंतर आवाज आणखी कमी ठेवावा. ॲड्रियामायसिन, म्हणजे ते 'लाल औषध', शिरेबाहेर गेले तर मांस जळते. ते चालू असताना हाताची जळजळ लगेच सांगता यायला हवी, त्यामुळे गाण्यात पूर्ण बुडवून टाकणे इथे धोक्याचे आहे. एक कान मोकळा ठेवावा, त्या हाताने टाळी, ठेका काही नको. औषध सोडणाऱ्या पंपाचा अलार्म गाणे चालू असतानाही ऐकू आला पाहिजे.

आणि आयुष्यातले सर्वांत लाडके गाणे केमोच्या खुर्चीत वाजवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन-तीन फेऱ्यांनंतर काही रुग्णांना रुग्णालयाचे फाटक दिसले, स्पिरिटचा वास आला तरी औषधाआधीच उलटी होते. शरीराने त्या खुणेची आणि मळमळीची गाठ बांधलेली असते. गाण्याचीही तशीच गाठ बसू शकते, आणि मग ते गाणे घरीही नकोसे होते. सिस्प्लॅटिन किंवा ॲड्रियामायसिन-सायक्लोफॉस्फमाइड अशा जास्त उलट्या करणाऱ्या औषधांच्या वेळी तर आवडीचे, पण जिवाभावाचे नाही, असे निवडावे आणि दर फेरीला यादी बदलावी. लाडके गाणे घरासाठी, उलट्या थांबल्यानंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवावे.

कानांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सोलापुरात ही बाब दुहेरी आहे. तंबाखू, मिसरी, गुटखा यांमुळे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे रुग्ण इथे कमी नाहीत. त्यांना रेडिएशनसोबत अनेकदा सिस्प्लॅटिन दिले जाते, आणि हे औषध आतल्या कानातल्या पेशी कायमच्या मारू शकते. नुकसान दोन्ही कानांत होते, आधी उंच स्वरांपासून सुरू होते आणि एकूण मात्रा वाढेल तसे वाढते. त्यातला एखादा यंत्रमागावर वीस-पंचवीस वर्षे उभा राहिलेला असेल, तर ९० डेसिबलच्या वरच्या खडखडाटाने त्याचे ४,००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच स्वरांचे, ऐकणे बहुधा आधीच गेलेले असते. अशा माणसाला गाणे बोथट लागते, शब्द कळत नाहीत, म्हणून तो आवाज वाढवतो. आणि वाढवला की तोच आवाज एकदम कर्कश होतो, कारण अशा कानाची सहन करण्याची पट्टी अरुंद झालेली असते. त्याला झांज, घुंगरू, वरच्या सप्तकातली बासरी नको. सारंगी, सरोद, खर्जातला पुरुषी आवाज, पखवाज हे खालच्या पट्टीतले चालते. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या आत. हेडफोन लावलेल्या रुग्णाशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोललेले त्याला कळले पाहिजे, ही सोपी कसोटी. आणि 'कानात रातकिडे ओरडतात', 'मागच्या वेळी बासरी स्वच्छ होती, आज दबलेली वाटते' असे रुग्ण म्हणाला तर गाणे बदलून विषय संपवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. कानाची तपासणी करून औषधाबद्दल निर्णय घेता येतो. वाजवणाऱ्याच्या हे सिस्टरच्याही आधी लक्षात येऊ शकते.

वाद्य रुग्णाच्या हाती द्यायचे असेल तर औषधाचे नाव विचारूनच द्यावे. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड वस्तूचा स्पर्श झाला की बोटांत मुंग्या, टोचणी सुरू होते. एसीत गार पडलेले पितळी टाळ अशा हातात म्हणजे शिक्षाच. लाकडी चिपळ्या चालतात. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर डफ-ढोलकीवर थाप मारू देऊ नये, काळेनिळे डाग पडतात. हाडात आजार पसरला असेल तर ठेक्यावर उठून नाचायचा आग्रह कोणी धरू नये. तोंड आले असेल तर गाणे म्हणवून घेऊ नये. ओठ मिटून नुसते गुणगुणले तरी श्वास लांबतो आणि तेवढे पुरे होते. फुप्फुसाची शस्त्रक्रिया झालेल्यांना गाण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

स्वच्छतेत चुका सर्वांत जास्त होतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. त्या काळात फुंकून वाजवायचे कोणतेही वाद्य दोघांत वापरू नये. कातडी मढवलेले वाद्य निर्जंतुक करता येत नाही. डफ हवाच असेल तर प्लास्टिकच्या पानाचा घ्यावा. हार्मोनियमचा भाता आतली वर्षानुवर्षांची धूळ बाहेर फेकतो, म्हणून पेशी फार कमी असलेल्या रुग्णाच्या खोलीत पेटी नकोच, इलेक्ट्रॉनिक तानपुरा न्यावा. तो अल्कोहोलच्या फडक्याने पुसता येतो. तेच फडके चपड्याचे पॉलिश असलेल्या सतारीवर फिरवले तर पॉलिश विरघळते, हे वादकांनी ध्यानात ठेवावे. हेडफोनची स्पंजाची गादी पुसता येत नाही. गुळगुळीत रेक्झिनची घ्यावी आणि दर रुग्णाला नवे कापडी आवरण घालावे. केस गेलेल्या डोक्याला पट्टा टोचतो, आत सुती टोपी घालावी. मानेला रेडिएशन चालू असेल तर कानामागची कातडी सोललेली असू शकते. तिथे हेडफोन न लावता उशीशेजारी छोटा स्पीकर, तोही शेजारच्या खाटेला विचारून.

रेडिएशनला, म्हणजे लोक ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात त्याला, वेगळे नियम. मशीनच्या खोलीत रुग्ण एकटा असतो, डोक्या-मानेचे रेडिएशन असेल तर डोके-मान साच्यात घट्ट बसवलेली असते आणि दहा-पंधरा मिनिटे हलायचे नसते. इथे खोलीतल्या स्पीकरवरून, टेक्निशियनच्या हातूनच गाणे लागावे. ठेका ठळक नको, नाहीतर नकळत मान-खांदे हलतात. रोज तेच गाणे लावले तर 'अंतरा संपला की सुटका' असा अंदाज येतो आणि वेळ सरतो. डाव्या स्तनाच्या रेडिएशनमध्ये श्वास रोखून धरायच्या सूचना द्यायच्या असतील तर गाणे पूर्ण बंद. आजवर पाहिलेला सर्वांत कामाचा वेळ मात्र मशीनखालचा नसतो, बाहेरच्या बाकड्यावरच्या वाट पाहण्याचा असतो. भीती तिथे चढत जाते, आणि तिथे कोणी काही करत नाही.

समोर बसून गायचे असेल तर एक माणूस, एक वाद्य, माइक नाही, वीस-पंचवीस मिनिटे. खाटेच्या पायथ्याशी उभे न राहता कुशीला, रुग्णाच्या डोक्याच्या उंचीवर बसावे. आधी मिनिटभर त्याचा श्वास बघावा, त्या गतीने एखादा सूर धरावा आणि सूर हळूहळू लांबवत न्यावा. श्वास बहुधा मागोमाग येतो. आला नाही तर ओढू नये. रुग्ण रडला तर घाईने आनंदी गाणे सुरू करू नये. गाणे थांबवून जवळ बसावे, पाणी विचारावे, निघताना सिस्टरना सांगून जावे. केमोच्या दिवसानंतर थकव्याने कोणी नको म्हणाले तर 'दोनच मिनिटं' असा लाडिक आग्रहही नको.

परिणाम मोजावा, नाहीतर टाळ्यांवरच समाधान मानावे लागते. सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर भीती किती, वेदना किती, शून्य ते दहा. आकड्यांची सवय नसेल तर दहा प्लास्टिकची बटणे समोर ठेवून 'भीती किती बटणांएवढी?' असे विचारावे. तारीख, औषध, काय वाजवले, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, एवढी पाच घरांची वही पुरते. तीन वेळा आकडा हलला नाही, तर त्या माणसासाठी हा उपाय नाही. त्याला पत्ते खेळायला किंवा गप्पांना सोबत द्यावी.

यासाठी फार खर्च नाही. जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, उपचारांची सोय बार्शीत आणि शहरातही आहे, धाराशिव-लातूरपासून कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण इकडे येतात. प्रत्येक केमो कक्षात पाच-सहा हेडफोन, दोन जुने फोन, चार भाषांतल्या गाण्यांचे मेमरी कार्ड आणि या कामाची जबाबदारी नावानिशी दिलेली एक सिस्टर, एवढ्यावर सुरुवात होते. गायक-वादकांना आत सोडण्यापूर्वी अर्धा दिवस वॉर्डाचे नियम शिकवावेत, आणि महिन्यातून एकदा मोठा ताफा येण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा एकच माणूस यावा. जाता जाता मंडळांनाही एक आठवण: रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते, तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. डॉल्बीची भिंत त्या रस्त्याने जाणार असेल तर आतल्या तानपुऱ्याचा काही उपयोग नाही.

आपल्या दैनिकालाही दोन विनंत्या आहेत. रागाने कर्करोग बरा झाल्याची बातमी आली तर ती छापण्यापूर्वी एखाद्या कर्करोगतज्ज्ञाला दाखवावी. आणि वॉर्डातल्या गाण्याचे वृत्त देताना रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये. ती संमतीही सलाईन चालू असताना आणि गाणारे समोर उभे असताना घेऊ नये.

कळावे,

आपले,
कर्करुग्णांसाठी संगीतोपचाराचे काम करणारे वादक व परिचारिका,
सोलापूर